काजवा, झाकण बंद

पाण्याच्या टाकीत माणूस उतरला की झाकणापाशी दुसरा माणूस बसवायचा, हे आमच्या चाळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दरवर्षी गणपतीच्या आधी गच्चीवरची टाकी रिकामी करून धुतली जायची. आत दोघं आणि वर एक, असा नियमच होता. मग त्या रविवारी झाकणापाशी मी का नव्हतो? टीव्ही मालिकांचे आवाज टिपून पोट भरणारा आणि ते जरा जास्तच भरलेला, सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या! या प्रश्नाचं उत्तर एकच. पद्मजाआत्या. तिच्यापुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

सत्त्याऐंशी सालच्या गणपतीत ज्यांनी मांडवातल्या भोंग्यावर ‘चल चौपाटी’ ऐकलंय, त्यांना आत्या वेगळी सांगायला नको. चंदेरी जॅकेट, पार्लरमध्ये कुरळे करून घेतलेले केस, कानात बांगडीएवढ्या रिंगा. पेपरवाल्यांनी तिचं नाव ठेवलं ‘चमकी’. त्यात कौतुक कमी आणि कुजकेपणा जास्त. दिसते छान, नाचते छान, गाते बरी, बाकी डोकं दुसऱ्याचं, असं सगळे धरून चालले होते. त्या दुसऱ्याचं नाव कॅसेटच्या कव्हरवरच छापलं होतं. ‘संगीत: कोंडीराम’.

कोंडीराम म्हणजे माझे बाबा. गिरणी बंद पडल्यावर ते ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला लागले. आत्या गिरगावातली, बँकेत कारकून. ऑफिस सुटलं की ती चिंचपोकळीला आमच्या खोलीवर तालमीला यायची आणि बाबांना राखी बांधायची, म्हणून ती आत्या. तिला नाचताना बघायला चाळ लोटायची आणि मी दारात ताठ उभा राहायचो. का, तर ही चमकी ज्यावर नाचते ते सगळं माझ्या बाबांनी बनवलंय म्हणून. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली तरी तो ताठा माझ्या मानेतून काही गेला नव्हता.

या उन्हाळ्यात आत्याने मला शिवाजी पार्कच्या तिच्या घरी बोलावलं आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत कॅसेटी. एका कंपनीला तिची जुनी गाणी पुन्हा आणायची होती, पण मूळची टेप कुठल्या तरी गोदामात ओल लागून मेली होती. उरल्या होत्या त्या या कच्च्या कॅसेटी. आत्याच्या बोटीवरच्या भावाने दुबईहून तिला चार ट्रॅकचं मशीन आणून दिलं होतं. आवाज, बेस, कीबोर्ड आणि ताल, चारही सुटे सुटे. त्यांच्यावर घुमारा, म्हणजे मागे रेंगाळणारा प्रतिध्वनी, नाही, काही नाही. एकदम कोरडे.

मी तसं मशीन पैदा केलं, हेडफोन चढवले आणि ऐकायला बसलो. गाण्यांच्या मधे मशीन बंद करायचं राहून गेलं होतं, त्यामुळे खोलीतलं बोलणंही आलं होतं. त्यात तिशीच्या उंबरठ्यावरची आत्या.

“कोंडीरामदादा, तिसऱ्या मात्रेला वाजवू नकोस. नुसता थांब. ती रिकामी जागा मला हवी आहे.”

“गो, पण ता बरा वाटात काय?” बाबा.

“वाजवून तर बघ.”

बाबा वाजवतात. मधेच हसतात. “च्यायला, खराच की!”

एकामागून एक कॅसेट, आणि सगळीकडे हेच. ज्या ठोक्यावर अख्खा लालबाग नाचला तो ढोल नव्हता, तांदूळ भरलेल्या डब्यावर आत्याने मारलेली मूठ होती. टाळ्या आमच्या जिन्यात उभ्या केलेल्या बायकांच्या. कोण किती पायऱ्या वर उभी राहील, हेसुद्धा आत्याच सांगत होती. कीबोर्डचा एकेक स्वर तिचा. बाबांनी सुंदर वाजवलं होतं, पण सांगितलं तेच वाजवलं होतं. मला वाईट वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू? आणि तरी मी मशीन बंद करू शकलो नाही, कारण काम अफाट होतं. आज लाखो रुपयांचं सामान घेऊन बसणाऱ्या पोरांना जे सुचत नाही, ते हिने बँकेतून दमून आल्यावर दहा बाय बाराच्या खोलीत केलं होतं.

“मग कव्हरवर बाबांचं नाव कसं?” मी आत्याच्या घरी जाऊन विचारलं.

“कंपनीचा शेठ म्हणाला, बाईने गावं. संगीतही बाईचंच म्हटलं तर दुकानदार माल उचलणार नाही. दादाला तर लाज वाटत होती, तो नको नकोच म्हणत होता. मीच घातलं.”

तेवढ्यात नव्या कंपनीच्या प्राचीचा फोन आला. श्रेयनामावली काय द्यायची, असं ती विचारत होती. आत्याने माझ्याकडे बघतच उत्तर दिलं.

“पूर्वीचीच. संगीत, कोंडीराम. गेलेल्या माणसाचं नाव खोडायचं नसतं गं.”

मी खिडकीतून मैदानाकडे बघत बसलो. मला हायसं वाटलं होतं आणि ते तिला दिसू नये एवढीच माझी धडपड होती.

राहिला प्रश्न घुमाऱ्याचा. त्या काळी घुमारा देणारं मशीन आत्याला परवडणारं नव्हतं. एकदा टाकी धुण्याच्या दिवशी आत उतरलेली पोरं गाणी म्हणत होती, ती हिने जिन्यातून ऐकली आणि तिथेच थबकली. मग रिकाम्या टाकीत दोरीने एक स्पीकर आणि एक माइक सोडून गाणी आत वाजवली आणि परत आलेला आवाज टेपवर घेतला. उडती गाणी झाकण उघडं ठेवून. ‘काजवा’ नावाचं एकच संथ गाणं होतं, ते मात्र झाकण बंद करून.

“आत्या, आता हे कॉम्प्युटरवर एका मिनिटात होतं,” मी म्हणालो.

“मग दे की.”

मी दिले. हौसेने सात-आठ प्रकार दिले. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. “हा देवळातला आहे. हा इंग्रजी सिनेमातला. आपल्या टाकीतला नाही.” चाळ गणपतीनंतर पाडायला घेणार होते. टाकी धुवायचा हा शेवटचा रविवार होता.

त्या रविवारी सकाळीच टाकी धुऊन झाली. गच्चीत गेलो तर सगळं होतं तसंच. सिमेंटची दीड पुरुष उंच टाकी, वर चढायला शिडी आणि माथ्यावर ते चौकोनी भोक. लहानपणी आम्ही त्यातून आत डोकवायचो आणि पळत सुटायचो. आत एवढा काळोख असायचा की आपलं नाव घेतलं तरी ते दुसऱ्याच कोणी तरी घेतल्यासारखं परत यायचं.

“आत मी उतरते,” आत्या म्हणाली.

“वेडी आहेस का? अडुसष्ट वय आहे तुझं. त्या वेळी तरी कोण उतरलं होतं? वरूनच सोडला होता ना स्पीकर?”

“त्यानंतर आत नवं प्लास्टर झालंय. माइक कुठे टांगायचा ते आत उभं राहून कानानेच शोधावं लागेल. आणि तू उतरशील कसा? त्या भोकात तुझं पोट मावणार आहे का?”

ते खरंच मावत नव्हतं, मी बसून बघितलं. तिने साडीऐवजी सलवार-कमीज घातला होता. म्हणजे घरून ठरवूनच आली होती.

“मग मी इथे झाकणापाशी बसतो.”

“आणि मशीनवर कोण बसेल? तुझे बाबा? शिवाय तू इथे बसलास तर तुझा श्वास माइकमध्ये येईल. जिना चढल्यापासून भात्यासारखा चाललाय.”

मी खाली जाऊन मीराकाकीला पाण्याचं विचारून आलो. तळमजल्यावरच्या मीराकाकीकडे पंपाची खोली आणि टाकीचं झाकण, दोन्हींच्या चाव्या. साठीची, काटक बाई. कमरेला जुडगा लटकवून दिवसातून चारदा गच्ची चढणारी. मलेरियावाल्यांनी टाकी उघडी दिसली म्हणून एकदा नोटीस दिली, तेव्हापासून झाकणाला कुलूप घालायचं व्रतच तिने घेतलं होतं.

“पाचाच्या आधी पाणी येवचा नाय,” ती मासे साफ करता करता म्हणाली. “आणि पंप आता आटोमॅटिक आसा. खाली पाणी इला की आपसूक लागता. तू जा, कर तुझा काम.” आत्या स्वतः आत उतरणार आहे हे मी तिला सांगितलं नाही. ती ओरडली असती.

टाकीच्या आतल्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांवर पाय देत आत्या उतरली. वरून मी स्टूल सोडलं, स्पीकर सोडला, एक दिवा सोडला. वायरी झाकणाशेजारच्या हवेच्या नळीतून बाहेर काढल्या आणि गच्चीच्या कठड्यावरून खाली आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत घेतल्या. आत्याचा एक जुना नियम होता, रेकॉर्डिंगच्या वेळी जवळ काहीही वाजणारं नको. म्हणून तिचा फोन तिच्या पर्समध्ये आणि पर्स माझ्यापाशी. ठरलं असं की ‘काजवा’ आधी झाकण उघडं ठेवून घ्यायचं, मग मी वर जाऊन झाकण नुसतं टेकवायचं आणि पुन्हा घ्यायचं.

खोलीचं दार-खिडकी लावून मी हेडफोन चढवले. दूर मुख्य रस्त्यावर ढोल सुरू झाले होते. कुठल्याशा मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं आणि सगळी चाळ तिकडे लोटली होती.

‘चल चौपाटी’ लावलं. ते कोरडं, खडखडीत गाणं टाकीत शिरलं आणि बाहेर आलं तेव्हा मी नऊ वर्षांचा झालो होतो. तोच मांडव, तोच भोंगा. बोलण्यासाठी माझ्याजवळही एक माइक होता, त्यात मी म्हणालो, “आत्या, तू बरोबर होतीस. शंभर टक्के.” आतून तिचं हसू आलं, भिंतींना लागून लागून.

मग ‘काजवा’. दुसऱ्या अंतऱ्याच्या मधे कुठे तरी आवाज बदलला. घुमारा लांबला, खोल गेला, प्रत्येक शब्दाच्या मागे शेपटीसारखा रेंगाळायला लागला. माझे डोळे मिटले. वा, काय गोडवा! इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण आवाज का बदलला हा प्रश्न मला पडलाच नाही.

“धनेश, गाणं थांबव.” तिचा आवाज.

मी थांबवलं.

“झाकण तू लावलंस का?”

“मी इथे खोलीत आहे आत्या.”

मग कड्यांवर पाय घासल्याचा आवाज, आणि लोखंडावर तळहात आपटल्याचा.

“मी डोळे मिटून ऐकत होते रे. माझ्या लक्षातच आलं नाही. हे हलत नाहीये. वरून कुलूप घातलंय कोणी तरी.”

“मीराकाकी असणार! आलो, चावी घेऊन आलो. तू घाबरू नकोस.”

“थांब.” आता तिचा आवाज अगदी हळू होता. “जरा गप्प बस. पाईप बोलतोय.”

मी हेडफोन कानांवर दाबले. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

“पाईपमधून हवा येतेय. पंप लागला, धनेश. हवेच्या मागे पाणी येईल.”

पाचला येणारं पाणी तीनलाच आलं होतं. आणि मग मलाही ऐकू आलं. आधी दोन-चार गुळण्या, मग धबधबा.

“स्पीकरचा प्लग काढ,” ती म्हणाली. “वायरीचा बोर्ड स्टुलावर आहे, पाणी तिथे पोचलं तर संपलंच. आधी प्लग काढ.”

“त्याच बोर्डावर दिवा आहे. अंधार होईल आत. आणि माझं बोलणं तुला ऐकू येणार नाही.”

“मला तू ऐकू आला नाहीस तरी चालेल. माझा माइक तुझ्या बॅटरीवर आहे ना? मग मी तुला ऐकू येईन. काढ म्हणते ना!”

मी प्लग काढला. हेडफोनमध्ये पाण्याचा आवाज तसाच राहिला आणि त्यात बाईच्या तोंडून एक बारीक “आई गं” आलं. मी हेडफोन फेकले आणि धावलो. मशीन चालूच राहिलं.

तीन जिने मी कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. मीराकाकीच्या दाराला कुलूप. माझ्या फोनवरून तिला फोन लावला तर रिंग त्या बंद दाराआडूनच ऐकू यायला लागली. पंपाच्या खोलीला लोखंडी दार आणि त्यालाही कुलूप. आत पंप घुर्र करून चालला होता. मी दारावर लाथा घातल्या, मीटरच्या फळीवरची सापडतील ती बटणं खाली ओढली. जिन्यातला दिवा गेला, पण पंप काही थांबला नाही. त्याचं मीटर आतच होतं. ओरडलो. चौकात एक मांजर तेवढं दचकलं. बाहेर ढोल इतके वाजत होते की मला माझंच ओरडणं नीट ऐकू येत नव्हतं. अग्निशमन दलाला फोन केला. पलीकडचा माणूस पत्ता घेऊन म्हणाला, आगमनामुळे रस्ता बंद आहे, निघतो आम्ही, पण वेळ लागेल. चाव्या शोधायला त्या गर्दीत शिरलो असतो तर मी संध्याकाळीच बाहेर आलो असतो.

एवढंच कळत होतं की आत काळोख आहे, पाणी चढतंय आणि तिला वाटत असेल मी येतोय. मला वाटत नव्हतं. खरं सांगतो, त्या जिन्यात मला वाटलं आत्या गेली, आणि मीच तिला मारली.

परत वर धावलो. आमच्या खोलीत आईचा पाटा-वरवंटा तसाच पडून होता, कारण नव्या ठिकाणी तो कोण नेणार? वरवंटा उचलला, गच्ची गाठली, शिडी चढलो. कुलूप चांगलं दणकट होतं. मी त्याच्यावर मारत सुटलो. ठिणग्या उडाल्या, बोटं सोलली, कुलूप ढिम्म. झाकणाला कान लावला तर आत नुसतं पाणी. “आत्या!” म्हणून ओरडलो. उत्तर नाही. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला की कुलूप फुटणार नाही, पण ज्या कडीत ते अडकवलंय ती आपल्या चाळीएवढीच जुनी आहे. मग कडीच्या बुडाशी, सिमेंटवर घाव घातले. एकेक खपली उडायला लागली. मी देवाला शिव्या देत होतो आणि त्याच्याच पाया पडत होतो. कडी मुळासकट निघाली आणि मी झाकण उलथवलं.

तिचं तोंड माझ्या इतकं जवळ होतं की मी मागेच सरलो. ती आतल्या सगळ्यात वरच्या कड्याला दोन्ही हातांनी लटकून होती, ओठ निळे, पाणी कमरेच्या वर. मी तिला बगलेत धरून ओढली. सिमेंटवर ती माझ्या छातीवर पडली आणि थरथरत राहिली, आणि मी पन्नाशीकडे झुकलेला माणूस भोकाड पसरून रडायला लागलो.

“माइक भिजला का रे?” ती म्हणाली. तिचे पहिले शब्द हेच.

अग्निशमन दलाची गाडी आली नाही, मीराकाकीच आधी आली. हातात प्रसादाचं पुडकं. आम्हाला बघून पुडकं खाली पडलं. काय झालं ते कळल्यावर तिने आधी धावत जाऊन पंप बंद केला, मग परत येऊन गच्चीवर फतकल मारली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारायला लागली. आत्याने तिचे हात धरले.

“माका काय म्हायत गो तू आत आसंस म्हणून!” ती रडत होती. “आगमनाक जावचा म्हणून गच्चीत कपडे काढूक इलंय, तर ‘काजवा’ ऐकलंय. माका वाटला, तेव्हासारखो नुसतो खोको सोडलो असतलो. ‘काजवा’ लागला की झाकाण लावूचा, ह्या माझाच काम नाय काय? तूच तर माका लावलेलंस!”

खरंच, सत्त्याऐंशी साली झाकण लावायचं काम नव्यानेच लग्न होऊन चाळीत आलेल्या मीराकडे होतं. या बाईने आज जीव घेतला असता, तो केवळ गाणं ओळखल्यामुळे. आत्या तिला जवळ ओढून म्हणाली, “तुझ्या लक्षात होतं मीरे? इतकी वर्षं?” दोघी भिजलेल्या, दोघी रडत.

आत्याला डॉक्टरकडे नेलं, घरी सोडलं. दारात मी तिला विचारलं, “आत्या, कव्हरवरचं नाव... प्राचीला काय सांगू?” का विचारलं कोण जाणे. ती पायातल्या ओल्या चपला काढत होती. “पूर्वीचंच रे. किती वेळा सांगू?” म्हणाली आणि आत गेली.

मशीनमध्ये काय टिपलं गेलं होतं ते ऐकायची माझी बरेच दिवस हिंमत झाली नाही. हेडफोन बघितले तरी घाम फुटायचा. शेवटी कंपनीने तगादा लावला तेव्हा एका दुपारी, सगळी खिडक्या-दारं उघडी टाकून बसलो.

प्लग काढल्यानंतरचं सगळं होतं. पाणी. झाकणावर मुठी. “धनेश! मीरा! कोणी आहे का?” मग रडणं. रडणारी आत्या मी जन्मात ऐकली नव्हती. लहान मुलीसारखी, आईला हाका मारत, हुंदके देत. टाकी प्रत्येक हुंदका तिला परत देत होती. मला बंद करावंसं वाटलं. मग ते कमी झालं. नाक ओढल्याचा आवाज. घसा साफ केल्याचा. आणि मग ती बोलायला लागली, दात वाजत होते, पण शब्द नीट लावून लावून.

“धनेश, टेप चालू असेल असं धरून बोलते. तू येशीलच. पण नाही जमलं तर मिक्स तुलाच करावं लागेल. ‘काजवा’, झाकण बंद. हाच घुमारा घे, मधे जिथे आवाज बदलला तिथून. पाणी यायच्या आधीचा. माझा आवाज खाली ठेव, मी तेव्हा फार जोर लावायचे. बेस वर ठेव. दुसऱ्या अंतऱ्यात कोंडीरामदादाची एक जागा चुकली आहे. सगळे म्हणाले, परत घ्या. मी घेतली नाही. ती चूकच त्या गाण्यातली सगळ्यात चांगली जागा आहे. तिला हात लावू नकोस.”

पाणी. बराच वेळ नुसतं पाणी.

“आणि नाव.” आवाज अगदी माइकजवळ आला होता. “संगीत म्हणून माझं नाव घाल, धनेश. मला ते हवं आहे. तेव्हाही हवं होतं. रोज हवं होतं रे, आणि मला कधी बोलता आलं नाही. आता अंधारात कोणी दिसत नाही म्हणून बोलते आहे. बाहेर आले तर मी नाहीच म्हणेन, माझं ऐकू नकोस.” मग एक श्वास. “आणि हे मघाशी रडले ना, ते काप.”

त्यानंतर दगडावर दगडाचे घाव. माझे.

मग तिने सांगितलं होतं तसं काम करायला लागलो, अगदी शब्दाला शब्द. आवाज खाली, बेस वर. बाबांची ती चुकलेली जागा पहिल्यांदाच नीट ऐकली. बरोबर होती बाई. सगळं झाल्यावर प्राचीला नावं लिहून पाठवली. ‘संगीत, संयोजन आणि निर्मिती: पद्मजा. बेस गिटार: कोंडीराम.’ पाठवताना हात थोडा थांबला. पण थोडाच.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. प्राचीने तिला कळवलं असणार.

“तू शेवटपर्यंत ऐकलंस?” तिने विचारलं. आवाजात भीती होती. टाकीतून बाहेर आल्यावरही नव्हती, तेवढी.

“ऐकलं.”

“रडणं कापलंस?”

“कापलं.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं सांगितलंस तसं केलं.”

तिच्या खिडकीबाहेरच्या मैदानातला गलका फोनवर येत होता. चेंडू, पोरं, कोणाची तरी शिट्टी. मला वाटलं आता ती नाही म्हणेल, खोड ते म्हणेल. मी वाट बघत राहिलो.

“दुसऱ्या अंतऱ्यातली दादाची जागा?” शेवटी ती म्हणाली.

“तशीच आहे.”

“बरं,” ती म्हणाली. “मग पाठव. ऐकते.”